विमानाच्या खेळास योग्य दांडा

संगणकावर विमान चालविण्याचा खेळ खेळण्यासाठीं जॉयस्टिक, म्हणजे दांडा, घ्यावयाचा असल्यास प्रथम विमान ठरवावें. सेस्ना १७२ मध्यें चाकासारखें योक असतें. एअरबस ए-३२० मध्यें बाजूस दांडा असतो. दांड्यानें विमानाचें नाक वरखालीं होतें व पंख कलतात. पिळतां येणारा दांडा घेतल्यास त्यानेंच सुकाणूंही वळतें. आरंभीं निराळ्या पायपट्ट्यांचें कारण नाहीं. इंजिनाच्या शक्तीसाठीं मात्र थ्रॉटलची तरफ अवश्य असावी.

दांड्यांतील पोटेन्शिओमीटर घर्षणानें झिजतो. मग हात न लावतांही विमान कलूं लागतें. एडविन हॉल यांनीं १८७९ मध्यें शोधिलेल्या तत्त्वावरील चुंबकी संवेदक स्पर्शावांचून चालतो, म्हणून झिजत नाहीं. वडिलांचा कष्टाचा पैसा दिव्यांच्या झगमगाटापेक्षां अशा संवेदकावर वेंचणें, हेंच शहाणपण होय.