कात्री चालून गेल्यावर

खांद्याच्या खाली चार बोटं ठेवा, असं मी सांगितलं होतं. पार्लरमधून उठले तेव्हा केस कानाच्या पाळीपाशी होते. कंबरेखाली रुळणारी वेणी शाळेपासून सांभाळलेली, आईने तेल लावून वाढवलेली. ती जमिनीवर पडलेली बघून रडू आलं, आणि त्या रडण्याची मला आजही लाज वाटत नाही. ‘केसच तर आहेत, वाढतील’ असं म्हणणारे खूप भेटतात. वाढतात हे खरं आहे, पण रोज आरशात बघायचं असतं ते जिचे केस गेले तिला.

झालं कसं, ते सांगते, म्हणजे तुमच्या बाबतीत टळेल. माझे केस वळणदार. ते धुऊन, ओले असतानाच कंगव्याने ताणून कापले गेले. ओला केस ताणला जातो आणि आहे त्याहून लांब दिसतो. वाळला की वर चढतो, आणि कुरळा असेल तर जास्तच. मग एक बाजू खाली दिसते म्हणून तिकडून थोडं, आता दुसरी खाली म्हणून इकडून थोडं. अर्धी लांबी या ‘सारखं करण्यात’ जाते. अशा वेळी खुर्चीतून सरळ उठावं. एक बाजू बोटभर लांब राहिली तर पिनेने झाकता येते, कापलेलं मात्र परत चिकटवता येत नाही.

आमचं वडनेर नागपूर–हैदराबाद महामार्गावर. दिवसभर ट्रक धावतात, पण गाव लहानच. एसटीतून उतरले तशी पहिली हाक आली, ‘काऊन वो, तिरुपतीले गेली होती का?’ शेजारच्या मोठ्या आईने तर जवळ घेऊन हळूच विचारलं, घरी सगळे बरे आहेत ना? यात कोणाच्या मनात वाईट नव्हतं. आमच्याकडे मोठ्या बाईचे केस एकदम उतरले म्हणजे नवस तरी फेडला किंवा दुखणं तरी आलं, असंच लोक धरतात. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, ‘कमी करायचे होते, जास्त कापले गेले.’ लांबलचक खुलासा दिला की प्रश्न वाढतात. एकच वाक्य दर वेळी तसंच सांगितलं की थोड्या दिवसांत विषय संपतो.

सगळ्यात मोठा धोका पहिल्या आठवड्यात असतो. कोणी म्हणतं, दुसऱ्या पार्लरमध्ये जाऊन नीट करून घे. कोणी स्ट्रेटनिंग सुचवतं, कोणी केराटिन. यातलं काहीही लगेच करू नका. दुसरा कट म्हणजे उरलेली लांबीही जाणार. केस सरळ करणाऱ्या काही द्रावणांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते, ती डोळ्यांना आणि श्वासाला त्रास देते. शिवाय कोरडे पडलेले केस तुटतात ते वेगळंच. दोन-चार वेळा न्हाऊन केसांची नवी वळणं बसू द्या, मग ठरवा.

हिशेब मनाशी पक्का असू द्या. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला अदमासे सहा इंच. कानापासून खांद्यापर्यंत यायला वर्षभर लागतं, कंबरेला पोचायला चार-पाच वर्षं. टोकं कापल्याने मुळाचा वेग वाढत नाही. वाढ त्वचेखालच्या मुळाशी होते, आणि कात्री वर चालते ती निर्जीव भागावर. कोणतंही तेल महिन्यात वीतभर केस देणार नाही. तेल जरूर लावा, केस मऊ राहतात आणि कमी तुटतात, पण अमुक बाटलीवर पगार घालवू नका.

वाढवताना एक गोष्ट मला उशिरा कळली. मानेवरचे केस आधी खांद्याकडे धावतात आणि पुढचे मागे पडतात, त्यामुळे आकार विचित्र होतो. अधूनमधून फक्त मानेवरचे थोडे कापून घ्यावेत आणि पुढच्यांना हात लावू देऊ नये. खांद्याला टेकले की टोकं बाहेर वळतात. तो काळ सगळ्यात कंटाळवाणा, आणि तेव्हाच बहुतेकजणी पुन्हा कापून टाकतात. मे महिन्यात आमच्या वर्धा जिल्ह्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, मानेवर घाम साचतो, गाडीवर जाताना दुपट्ट्याखाली केस चिकटतात. साधा सुती हेअरबँड आणि काळ्या पिना तेवढ्या जवळ ठेवा. लग्नसराईत गंगावन लावायची घाई नको. छोटी शेंडी बांधता येऊ लागली की मगच लावा, नाहीतर कानशिलांवरचे केस ओढले जाऊन तिथे विरळ होतात. तोवर कानामागे पिनेने लावलेला गजरा छान दिसतो.

आयांना एक सांगायचं आहे. उवा झाल्या, सकाळी वेणीला वेळ नाही, म्हणून मुलीचे केस तिला न विचारता कापू नका. मुलींच्या केसांचा निर्णय थोरांनी घेतला तरी तो खटकू शकतो. दक्षिण आफ्रिकेतल्या टॉल्स्टॉय फार्मवर मुलांनी दोन मुलींची थट्टा केली, तेव्हा गांधीजींनी त्या मुलींचेच लांब केस स्वतःच्या हाताने कापले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. मुली आधी तयार नव्हत्या, वडीलधाऱ्या बायकांचा पाठिंबा मिळवून त्यांना राजी केलं, हेही लिहिलं आहे. सेवाग्राम आमच्याच जिल्ह्यात, गांधीजींबद्दलचा आदर मनात कायम आहे. तरीही चूक मुलांची आणि केस मुलींचे, हे मला पटलेलं नाही.

कापल्यानंतर केस मूठ-मूठ गळू लागले, किंवा नाण्याएवढी चाई दिसली, तर तो कात्रीचा दोष नाही. मोठा ताप किंवा बाळंतपण झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी असे मूठ-मूठ केस जातात. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि पार्लर चालवणाऱ्या ताईंना विनंती आहे. लांब केसांची बाई समोर बसली की केस कोरडे असताना तिच्याच बोटाने लांबी दाखवून घ्या, तिने सांगितलं त्याच्या दोन बोटं खाली पहिली कात्री लावा, आरसा दाखवा, आणि तिने हो म्हटल्यावरच पुढे कापा.