जोर कोठे असावा?

सायकल तुमच्यापैकी अनेकांच्या नित्य परिचयाची आहे. परंतु फर्मागुडीचा चढ चढणाऱ्या अथवा पावसाळी वाऱ्याला तोंड देत जाणाऱ्या सायकलस्वाराकडे नीट पाहिले, तर एक चमत्कारिक गोष्ट आमच्या ध्यानात येते. कष्टाचे काम असते पायांचे. पण दात आवळलेले असतात, खांदे कानांपर्यंत चढलेले असतात आणि हँडल असे गच्च धरलेले असते, की जणू ते कोणी हिरावून नेणार आहे! या आवळण्याने सायकल बोटभरही पुढे सरकत नाही. मग त्यात शक्ती का वेचावी?

भरलेली घागर हात लांब करून धरून पाहा. घागर जागची हलत नाही, म्हणजे पदार्थविज्ञानाच्या व्याख्येप्रमाणे तिच्यावर काहीच कार्य होत नाही. तरीही थोड्याच वेळात हात भरून येतो. कारण आखडून राहिलेला स्नायू इंधन व प्राणवायू खर्चीतच राहतो, आणि त्याच्या आतील रक्तवाहिन्या दाबल्या गेल्यामुळे रक्ताचा पुरवठा मात्र मंदावतो. पायडल मारणाऱ्या पायाचे तसे नाही. त्याचे स्नायू आळीपाळीने आकुंचन पावतात आणि सैलावतात. मिनिटाला ८० फेरे झाले, तर विसाव्याचे क्षणही तितकेच मिळतात व त्या क्षणी ताजे रक्त आत शिरते. म्हणूनच पाय तासभर चालतात, पण आवळलेली मूठ काही मिनिटांतच थकते.

सतत ताणाची परिसीमा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतच्या सुमारे ४,८०० किलोमीटरांच्या सायकल शर्यतीत दिसते. १९८३ साली या शर्यतीत मायकेल शर्मर या स्पर्धकाच्या मानेचे स्नायू इतके थकले, की त्याला डोके वर धरवेना. या विकाराला पुढे त्याचेच नाव पडले. पाय शाबूत असूनही मान हरू शकते, हा त्यातील बोध. हीच शर्यत नाशिकच्या हितेंद्र व महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ साली जोडीने पुरी केली.

याचा अर्थ सारे अंग सैल सोडावे, असा मात्र नव्हे. पाय खाली रेटायचा तर त्याला टेकू हवा. तो पोट व कंबर यांनी द्यावयाचा. बैठकीवरून उठून चढ चढताना उजवा पाय दाबला की उजव्या हाताने हँडल किंचित वर ओढावे, डावा दाबला की डाव्या हाताने. हा ताण येतो आणि जातो, म्हणून तो कामाचा.

आता काही नियम. बैठक इतकी उंच असावी, की पायडल सर्वांत खाली असता त्यावर टाच टेकली तर पाय सरळ व्हावा; मग चवड्याने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. कोपरे वाकलेली ठेवावीत. सायकलचा तोल हँडलच्या बारीक बारीक हालचालींनी सावरला जातो. ताठ हात ती हालचाल अडवितात आणि खड्ड्याचा प्रत्येक हिसका अंगावर घेतात. त्यातूनच अपघात घडतात. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. तेव्हा जोरात जाताना कमरेतून पुढे झुकावे, पण खांदे उचलू नयेत. बोटे ब्रेकपाशी असावीत आणि श्वास पूर्ण बाहेर सोडावा, म्हणजे पुढचा आपोआप खोल येतो.

पुढच्या चढावर स्वतःला तीन प्रश्न विचारा. जबडा सैल आहे ना? खांदे खाली आहेत ना? मुठीतली बोटे हलविता येतात ना? तिन्हींचे उत्तर ‘होय’ असेल, तर उरलेला सारा जोर निःशंकपणे पायांत घाला.