रबरी वायरला हात लावण्याआधी

जुन्या घरातलं वायरिंग कुणी हलवत नाही तोवर निमूट चालतं. धोका वाढतो तो दुरुस्तीला हात घातल्यावर. वाईला मामांच्या वाड्यात मी हे जवळून पाहिलं.

माडीवरच्या पंख्याचा सीलिंग रोज बदलायचा होता. वायरमनने लाकडी गोल ब्लॉक सोडवून वायर जरा वाकवली, तर तिच्यावरचं रबर काळी भुकटी होऊन खाली पडलं. आतली तार पांढुरकी. ‘ॲल्युमिनियम आहे,’ तो म्हणाला. खरवडल्यावर तांबं निघालं. रबर पक्कं करायला त्यात गंधक घालत. गंधक तांबं खातं, म्हणून तारेला कथिलाचा मुलामा देत. कथिल चढवलेली तार आणि वर रबर दिसलं, की वायरिंग बहुधा पीव्हीसी रुळण्याआधीचं समजावं.

उघड्या जागी चिकटपट्टी गुंडाळून काम उरकलं. पावसाळ्यात भिंत ओलावली आणि स्विचबोर्डाच्या स्क्रूला बोट लागलं की झिणझिण्या येऊ लागल्या. मामांनी आरसीसीबी बसवून घेतली. ती सारखी पडायला लागली, तर ‘पीस खराब आहे’ म्हणत वायरमनने ती काढून डायरेक्ट जोडणी केली. मला सगळ्यात राग याचा येतो. ती पडत होती, कारण करंट खरोखरच गळत होता. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडते. ५ अँपिअरच्या किटकॅट फ्यूजला एवढ्याशा गळतीचा पत्ताही लागत नाही, आणि माणसाच्या जिवावर बेतायला ती पुरते.

पुढे बॅटनची पट्टी एका जागी काळी पडलेली दिसली, तेव्हा मेन बंद करून सगळं उतरवलं. मधल्या लांबीतलं रबर अजून मऊ होतं. होल्डर आणि ब्लॉकजवळची टोकं मात्र बल्बच्या उष्णतेने आणि हवेने कडक होऊन तडकली होती. म्हणून मधली वायर पाहून ‘चांगली आहे’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका.

जुन्या अंदाजपत्रकात व्ही.आय.आर. लिहिलेलं असेल, तर ती व्हल्कनाइज्ड इंडिया रबरची सुती वेष्टनाची सुटी वायर. ती लाकडी केसिंग-कॅपिंगमधून किंवा पाइपातून नेत. सी.टी.एस. आणि टी.आर.एस. एकच; वरूनही जाड रबर असलेली ही वायर बॅटनवर क्लिपांनी बसवत. ‘तीन-बावीस’, ‘सात-वीस’ यातला पहिला आकडा तारांचा, दुसरा गेजचा. गेज वाढला की तार बारीक. अशा फिटिंगमध्ये बऱ्याचदा अर्थिंगची वायर नसतेच, आणि कित्येक ठिकाणी न्यूट्रललाही फ्यूज असतो. तो फ्यूज उडाला की दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज जिवंतच राहते.

तेव्हा या वायरिंगला नवा तुकडा जोडू नका, त्यावर गीझर तर मुळीच चढवू नका. २००० वॉटचा गीझर जवळपास ९ अँपिअर ओढतो.

परवानाधारक ठेकेदाराकडून ५०० व्होल्टच्या मेगरने वायरच्या इन्सुलेशनची तपासणी करून घ्या, तीही पावसाळ्यात, कारण कोरड्या दिवसांत आकडा फसवा चांगला येतो. आकडा १ मेगाओमच्या खाली आला, किंवा वर असूनही टोकाचं रबर वाकवताच तडकलं, तर डागडुजी मागू नका. सगळं वायरिंग अर्थिंगसह नवं करून घ्या, आणि आरसीसीबी पडली तर तिला काढायला कुणालाही परवानगी देऊ नका.