पानावर बसण्याआधी

मंचर ओलांडून पुढे गेलं की खाण्याचे दोन मुलूख सुरू होतात. एक पुणे-नाशिक महामार्गाच्या कडेचा: कळंब, नारायणगाव, आळेफाटा. इथे मिसळ मागा, मटण-भाकरी मागा, थोड्या वेळात ताट पुढ्यात येतं. दुसरा मुलूख पश्चिमेचा. घोडेगाव सोडल्यावर डिंभे, आहुपे, भीमाशंकर. जुन्नर सोडल्यावर आपटाळे, घाटघर, नाणेघाट. तिकडे आयतं जेवण क्वचितच असतं. कुणीतरी आपल्यासाठी चूल पेटवतं, तेव्हा जेवण होतं. मित्रमंडळींच्या सहलीत जेवणावरून जे काही बिनसतं, त्यातलं निम्मं तरी हे दोन मुलूख एकच समजल्याने बिनसतं, असं माझं ठाम मत आहे.

माझं माहेर घोडेगावच्या बाजूचं. शाळेतल्या आमच्या बॅचचा गट वर्षातून एकदा इकडे येतो, आणि जेवणाची व्यवस्था बघायचं काम साहजिकच माझ्याकडे येतं. जुन्नर २०१८ मध्ये विशेष पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाल्यापासून इथे येणारे गटही वाढले आणि जेवू घालणारेही. त्यामुळे जे पाहिलं, जे सोसलं, ते सांगून ठेवावंसं वाटतं.

सगळ्यांत वाईट आठवण एका धरणाच्या पाण्याकाठच्या रिसॉर्टची आहे. पंधरा ऑगस्टला जोडून सुट्ट्या आल्या होत्या आणि गटातल्या बहुतेकांचं मत पडलं की या वेळी बुफे हवा, म्हणजे ज्याला जे हवं ते घेता येईल. जागा सुंदर होती. टेबलावर पनीरचे दोन प्रकार, मंचुरियन, नूडल्स, पास्ता, बिर्याणी, जिरा राईस, चार गोड पदार्थ. माणसं मात्र जागेच्या मानाने कितीतरी जास्त, आणि आदल्या रात्रीपासून वीज येत-जात होती. दुपारचाच भात रात्री पुन्हा गरम करून आला असावा. पहाटेपर्यंत आमच्यातल्या दोघांना उलट्या सुरू झाल्या. बाहेर धो धो पाऊस, मोबाइलला रेंज नाही, गाडी चिखलात रुतलेली. सकाळी डॉक्टरांनी पहिला प्रश्न भाताबद्दलच विचारला.

त्यामागचं कारण प्रत्येकाने समजून घ्यावं असं आहे. शिजलेला भात कोमट अवस्थेत तासन्‌तास पडून राहिला की त्यात बॅसिलस सीरियस नावाचे जिवाणू वाढतात आणि विष तयार करतात. भात पुन्हा उकळता गरम केला तरी ते विष नष्ट होत नाही. खाल्ल्यापासून तासाभरात ते पाच-सहा तासांत उलट्या सुरू होतात. म्हणजे ‘गरम आहे ना, मग काही होत नाही’ हा आपला घरगुती विश्वास इथे कामाचा नाही. त्या दिवसापासून गर्दीच्या सुट्टीत मी एकच विचारते: आत्ता, या वेळेला, चुलीवर काय शिजतंय? जे शिजत असेल तेच मागवायचं. पिठलं-भाकरी असेल तर पिठलं-भाकरी. पदार्थांची यादी लांब असेल आणि स्वयंपाकघर लहान असेल, तर काहीतरी सकाळचं आहे हे धरून चालावं. बॅगेत ओआरएसची पाकिटं ठेवावीत, ती एक लिटर पाण्याची आहेत की कमी याची खात्री करून घ्यावी, आणि अंधार पडण्याआधी सर्वांत जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठल्या गावी आहे ते विचारून ठेवावं. १०८ क्रमांक सगळ्यांना पाठ असतो, पण तो लावायला रेंज लागते. ती कुठल्या वळणावर मिळते हेही माहीत असलेलं बरं.

आता मासवडी. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत येऊन मासवडी न खाता परत जाणाऱ्याची मला खरोखर हळहळ वाटते. बेसन घट्ट शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, कांदा, लसूण, खसखस, कोथिंबीर यांचं सारण पसरायचं, फडक्याच्या आधाराने गुंडाळी करून ती दाबून माशाच्या घाटाची करायची आणि वड्या कापायच्या. सोबत लालभडक, पातळ, झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. मांसाचा यात कणही नाही, त्यामुळे शाकाहारी पाहुण्यांना पहिल्या घासाआधी तेवढं सांगावं लागतं.

पण सांगायची आणखी एक गोष्ट असते आणि ती कुणी सांगत नाही. आमच्या गटात एकीच्या यजमानांना तिळाची अॅलर्जी आहे. ते पहिल्यांदाच आमच्याबरोबर आले होते. मासवडीत बेसन असतं एवढंच त्यांना ठाऊक, आणि वाढणाऱ्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, ‘प्युअर व्हेज आहे, बिनधास्त खा.’ दुसऱ्या वडीला ओठ सुजले, मानेवर गांधी उठल्या. त्यांच्या खिशात गोळी होती आणि नारायणगावात डॉक्टर लगेच भेटले म्हणून निभावलं. हाच प्रसंग आहुप्याच्या वाटेवर घडला असता तर काय, या विचाराने त्यांच्या पत्नीचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

तेव्हा गटात कुणाला तीळ, शेंगदाणा, खोबरं चालत नसेल तर ते निघण्याआधी सगळ्यांना माहीत असावं आणि स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला, थेट तिलाच, सांगावं. वाढणाऱ्याला सारणात काय आहे ते माहीत असेलच असं नाही. इकडच्या रश्श्याच्या वाटणात खोबरं असतं, चटणीत शेंगदाणा असतो, थंडीत बाजरीच्या भाकरीवरही तीळ लावतात, आणि तळणाचं तेल शेंगदाण्याचं असू शकतं. ‘थोडंसं खाऊन बघ, काही होत नाही’ हा आग्रह अशा माणसाला कधीही करू नये. ज्याला पूर्वी मोठा त्रास झाला आहे त्याने डॉक्टरांनी दिलेलं औषध गाडीच्या डिकीत न ठेवता अंगावरच बाळगावं.

उपासाचंही तसंच. ओझर आणि लेण्याद्री हे दोन अष्टविनायक इथलेच, भीमाशंकर ज्योतिर्लिंग इथलंच. त्यामुळे गटात कुणाची चतुर्थी, कुणाचा सोमवार निघतोच, आणि श्रावणी सोमवारी भीमाशंकरच्या गर्दीत भगर मागायची तर रांगेत उभं राहावं लागतं. ही वरई या डोंगरउतारांवर पिकते. घरगुती जेवण सांगताना ‘दोघांचा उपास आहे’ एवढं आधी कळवलं तर त्यांना उत्तम भगर-आमटी मिळते. ताटावर बसल्यावर सांगितलं तर केळं मिळतं.

आता त्या पश्चिमेच्या मुलखाबद्दल, जो मला जास्त जवळचा आहे. डिंभे धरणाच्या पाण्यात मूळचं आंबेगाव बुडालं. तालुक्याचं नाव तेवढं उरलं आणि कचेऱ्या घोडेगावी आहेत. पाण्याच्या वरच्या अंगाला महादेव कोळी समाजाची गावं आहेत. उतारावर दगडांच्या ताली रचून, सगळ्यांनी मिळून जमीन सपाट करून भातखाचरं काढायची, त्या कामाला तिकडे पडकई म्हणतात. धरणाने विस्थापित झालेल्या या लोकांबरोबर कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने वर्षानुवर्षं काम केलं. पडकईला आणि जलाशयातल्या मासेमारीला त्यातून बळ मिळालं. आपल्या ताटात येणारा भात आणि मासा हा असा आलेला असतो. तो पिकवणाऱ्या घरात आपण ‘लंच’ मागतो तेव्हा थोडं थांबून वागावं, एवढीच माझी कळकळ आहे.

एका वर्षी आमच्यातल्या अर्ध्या मंडळींनी वाटेत नारायणगावला मिसळ खायचं ठरवलं. मग द्राक्षाची बाग, मग फोटो. आहुप्याकडच्या एका घरी बाराचं जेवण सांगितलं होतं. ती मंडळी चारला आली आणि पोट भरलेलं म्हणून दोन-दोन घास खाऊन उठली. त्या मावशी पहाटेपासून राबल्या होत्या. गावरान कोंबडा कापला होता, नागलीच्या आणि तांदळाच्या भाकरी थापल्या होत्या, आणि पाहुणे जेवल्याशिवाय घरात कुणी जेवलं नव्हतं. त्या काही बोलल्या नाहीत. मीच विचारलं, तेव्हा म्हणाल्या, “ताई, उशीर झाला त्याचं काही नाही. पोरं उपाशी राहिली बघा.”

त्यानंतर मी प्रत्येक गटाला भाकरीचा हिशेब सांगते. एका तव्यावर एक भाकरी व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. वीस माणसांना दोन-दोन भाकरी म्हणजे चाळीस; म्हणजे एका बाईचे धुरात बसून दीड-दोन तास. सगळ्यांना एकदम गरम भाकरी मिळणं शक्यच नाही. म्हणून दोन पंगती कराव्यात, पहिल्या पंगतीने हात धुऊन पाणी वाढायला उठावं. गावरान कोंबडी ब्रॉयलरसारखी झटपट शिजत नाही, तिला वेळ द्यावाच लागतो. ऐनवेळी ‘अजून चार जण आलेत’ म्हटलं तर ती वाढवता येत नाही. माणसं किती, मांसाहारी किती, लहान मुलं किती, तिखट चालेल का, हे आदल्या दिवशी कळवावं आणि काही रक्कम तेव्हाच द्यावी, म्हणजे सामान उधारीवर आणावं लागत नाही. घोडेगाव सोडण्याआधी एक फोन करून विचारावं: तेल, साखर, दूध काही आणायचंय का? पावसाळ्यात दरड आली की त्या गावांचा रस्ताच बंद होतो. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव दरडीखाली गेलं ते याच वाटेवर. जुलै-ऑगस्टमध्ये हवामान खात्याचा इशारा असेल तर जेवण सांगितलं असलं तरी रद्द करावं आणि दिलेले पैसे परत मागू नयेत.

आणि तिथे पनीर मागू नका. पावसाळ्यात गेलात तर कुर्डू, भारंगी, चाईचे कोंब यांची भाजी मागा. झाडाच्या खोडावर उगवणाऱ्या रुखाळूच्या वड्या मिळाल्या तर भाग्य समजा. मात्र रानभाजी स्वतः तोडून आणून ‘ही करून द्या’ म्हणू नका. सारख्या दिसणाऱ्या पानांत एक खायचं असतं, दुसरं नसतं, आणि आळूच्या जातीचं पान चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवलं नाही तर घसा खवखवतो. ही पारख त्या घरातल्या बायकांकडे आहे. भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ पासून आहे. तिथलं पान तोडणं तसंही आपलं काम नाही.

दारूबद्दल स्पष्ट बोलते, कारण गटात कुणी बोलत नाही. ज्या घरात बायका-पोरी आपल्याला वाढतात तिथे बाटली काढायची नाही. घरधनी भिडेखातर नको म्हणणार नाही, म्हणून ते आपणच ठरवून जायचं.

पाणी उकळलेलं प्यावं. जुन्नरच्या लेण्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिल्याचा शिलालेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वीही वाटसरूच्या पाण्याची कुणीतरी काळजी केली होती. मला तो लेख फार आवडतो. पण टाक्यातलं आजचं पाणी पिऊ नका, नाणेघाटातलंही नाही.

उघड्यावर जेवणाऱ्यांसाठी थोडं. कुकडी प्रकल्पाच्या धरणांमुळे इथे ऊस आला आणि उसात बिबट्या राहू लागला. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे, यावरून प्रश्न केवढा असेल ते समजावं. तंबूबाहेर हाडं, उरलेला रस्सा टाकला की कुत्री येतात, आणि कुत्र्यामागे बिबट्या येतो. खरकटं झाकून, बांधून परत न्यावं; अंधारात भांडी घासायला कुणी एकट्याने पाण्यावर जाऊन बसू नये. लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर हातात खाऊ धरू नये, माकडं झडप घालतात. शिवनेरीवर किंवा कुठल्याही कड्याखाली, लेण्यापाशी चूल पेटवू नये. वर आग्या मोहोळ असतं आणि धुराने ते उठतं. शिवनेरीवर मधमाश्यांचे हल्ले झालेले आहेत.

फेब्रुवारी-मार्चमध्ये जुन्नरच्या द्राक्षबागेत गेलात तर घड समोर लोंबत असतो, हात जातोच. फवारणी कधी झाली हे बागवाल्याला विचारल्याशिवाय तोंडात मणी टाकू नका. फवारणीनंतर काही दिवस थांबावं लागतं आणि ते किती हे औषधावर ठरतं. शेतकरी प्रामाणिकपणे सांगतो, आणि बहुधा धुतलेला घड आणून देतो.

शेवटी पैसे. गटाचा हिशेब घरी जाऊन करायचा ही आपली सवय, पण जेवणाचे पैसे त्याच दुपारी, तिथेच द्यावेत. रेंज नसल्याने ऑनलाइन पैसे जात नाहीत आणि ‘पोचल्यावर पाठवतो’ म्हणून गेलेले गट मी पाहिले आहेत. मंचरला एटीएममधून रोख काढून घ्यावी, त्यात शंभराच्या नोटा असाव्यात, आणि निघताना ती रक्कम जिने स्वयंपाक केला तिच्या हातात द्यावी.