गुरुवारचा काटा

प्रश्न : वाळूज एमआयडीसीत नोकरी करतो. सोमवारपासून नेमानं डबा नेतो; पण गुरुवारी काटा वर सरकला की सगळंच सोडून देतो. काय करू?
– एक वाचक, बजाजनगर

उत्तर : काटा रोज पाहता, तिथंच घोळ आहे. आदल्या रात्री नान-खलिया झाला असेल, तर मिठामुळे अंगात पाणी धरतं आणि सकाळी वजन किलोभर जास्त दिसू शकतं. ती चरबी नव्हे. किलोभर चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. एका जेवणात तेवढ्या जात नाहीत. आठवड्यातून एकदाच, सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी वजन करा आणि महिन्याचा कल बघा. डब्यात ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, मेथी. शेंगदाण्याची चटणी मात्र चमचाभरच! सेकंड शिफ्टला कॅन्टीनच्या वड्याऐवजी फुटाणे चालतील. मधुमेहाच्या गोळ्या सुरू असतील, तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा.