भाव हुकल्याची हुरहूर आणि मनाशी होणारी बोलणी

धाराशिव जिल्ह्यात खरीप म्हटले की सोयाबीन, असे आता समीकरणच झाले आहे. पेरणीपासून मळणीपर्यंत काय करावे, हे बहुतेक शेतकरी बंधू-भगिनींना चांगले ठाऊक असते. खरी ओढाताण मळणीनंतर सुरू होते. माल आज मोंढ्यावर न्यावा की घरात ठेवावा? शेतकरी हा स्वतःच्या व्यवसायाचा मालक असल्याने हा निर्णय त्यालाच घ्यावा लागतो. अशा वेळी तो मनाशी काय बोलतो, यावर त्याचा पैसा आणि त्याची झोप ही दोन्ही अवलंबून असतात.

२०२१ सालचा भाव

ऑगस्ट २०२१ मध्ये लातूर बाजारात सोयाबीनने क्विंटलला १०,००० रुपयांचा टप्पा ओलांडला. त्या हंगामाचा हमीभाव ३,८८० रुपये होता. पण ऑगस्ट म्हणजे हंगामाचे शेवटचे टोक होय. त्या वेळी फारच थोड्या शेतकऱ्यांकडे माल शिल्लक होता. म्हणजे तो भाव ऐकला सर्वांनी, मिळाला मात्र मोजक्यांना. त्याच महिन्यात केंद्र सरकारने १२ लाख टन सोयापेंड आयातीस परवानगी दिली, पुढे नवीन मालाची आवक सुरू झाली आणि भाव वेगाने उतरले.

तरीही तो आकडा मनात घर करून राहिला. पुढील हंगामांत अनेकांनी त्याच आशेवर माल ठेवला. २०२४ च्या हंगामात तर ४,८९२ रुपये हमीभाव असताना खुल्या बाजारातील दर त्याखाली होते.

हुरहूर निर्णय कसा बिघडवते?

इतरांना मिळालेली संधी आपल्याला हुकली किंवा हुकेल, अशी धास्ती प्रत्येक व्यावसायिकाला असते. ‘त्याने बरोबर वेळ साधली, मीच मागे राहिलो’, ‘माझे नशीबच असे’ अशी वाक्ये मनात फिरू लागतात. त्यांतून दोन प्रकारच्या चुका होतात. एक तर मागचा भाव परत येईल या हट्टाने माल पडून राहतो आणि डोक्यावरील कर्जाचे व्याज वाढते. नाही तर मोबाईलवर उतरत्या भावाचा संदेश येताच घाईने सर्व माल एकदम विकला जातो. शेजाऱ्याचा ऊस पाहून आपल्या विहिरीच्या पाण्याचा अंदाज न घेता ऊस लावणे, हीदेखील त्याच धास्तीची करामत होय.

लक्षात ठेवावे की शेजारी आपल्या चांगल्या पट्टीची बातमी सांगतो, तोट्याची सहसा सांगत नाही. त्यामुळे आपली तुलना नेहमीच अपुऱ्या माहितीवर होते.

बोलणी कशी बदलावीत?

मन गप्प बसवता येत नाही, पण त्याची भाषा बदलता येते. त्यासाठी पुढील तीन गोष्टी कराव्यात.

१) स्वतःला नावाने हाक मारावी. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे ईथन क्रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन २०१४ साली प्रसिद्ध झाले. ताणाच्या प्रसंगी ‘मी’ असे न म्हणता स्वतःच्या नावाने मनाशी बोलणाऱ्यांना तो प्रसंग अधिक चांगला निभावता आला, असे त्यात दिसून आले. आपल्याला ही रीत परकी नाही. आपल्या जिल्ह्यातील तेरच्या संत गोरोबाकाकांसह अनेक संतांनी अभंगाच्या शेवटी स्वतःचेच नाव घेतले आहे. नाव घेतले की माणूस स्वतःकडे सल्ला मागायला आलेल्या भावाप्रमाणे पाहू लागतो.

२) तपासता येईल असेच वाक्य बोलावे. ‘माझे नुकसान झाले’ असे म्हणण्याऐवजी ‘माझा खर्च क्विंटलला इतका, आजचा दर इतका, फरक इतका’ असे म्हणावे.

३) निर्णय आधी लिहून ठेवावा. किती माल केव्हा व किती दराला विकायचा, हे मळणीपूर्वीच घरातील कारभारणीशी बोलून वहीत लिहावे. माल दोन-तीन टप्प्यांत विकल्यास सर्वच चुकण्याची भीती राहत नाही.

एक हिशेब

समजा, आपल्याकडे २० क्विंटल सोयाबीन आहे व आजचा दर ४,४०० रुपये आहे. मालाची किंमत ८८,००० रुपये झाली. राज्य कृषि पणन मंडळाच्या शेतमाल तारण कर्ज योजनेतून ७५ टक्के, म्हणजे ६६,००० रुपये उचलले, तर ६ टक्के दराने सहा महिन्यांचे व्याज १,९८० रुपये होईल. वाहतूक व हमाली ६०० रुपये आणि वजनात १ टक्का घट धरावी. उरलेल्या १९.८ क्विंटलमधून ९०,५८० रुपये यायला हवेत. म्हणजे दर सुमारे ४,५७५ रुपयांच्या वर गेला तरच थांबणे परवडले. आता मनातील प्रश्न ‘१०,००० केव्हा होणार?’ असा राहत नाही. ‘१७५ रुपये वाढ मिळेल का?’ एवढाच उरतो. त्याचे उत्तर शांतपणे शोधता येते.

माल ठेवायचा असल्यास दाण्यातील ओलावा १० ते १२ टक्क्यांवर आणूनच साठवावा. हमीभाव खरेदीची नोंदणी वेळेत करावी. २०२५-२६ हंगामाचा हमीभाव ५,३२८ रुपये होता. अशा वेळी खुल्या बाजारात घाईने विकण्यापूर्वी खरेदी केंद्रावर चौकशी करणे हिताचे असते.

मन फारच खचल्यास

हिशेब मांडूनही झोप येत नसेल, जेवण जात नसेल, ‘आपण कुणाच्याच उपयोगाचे नाही’ असे वारंवार वाटत असेल, तर ही केवळ भावाची चिंता नव्हे. हा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. घरच्यांशी बोलावे, डॉक्टरांना दाखवावे किंवा टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य फोन करावा. पिकावर रोग दिसताच आपण सल्ला घेतो, त्यात कमीपणा मानत नाही. मनाच्या बाबतीतही तेच धोरण ठेवावे.

थोडक्यात, बाजारभाव आपल्या हाती नाही. पण खर्चाची वही, विक्रीचे टप्पे आणि मनाशी बोलायचे वाक्य हे तिन्ही आपल्या हाती आहेत. येत्या हंगामात मळणीयंत्र शिवारात येण्यापूर्वी या तिन्हींची तयारी करावी.