युद्धपट आणि आपला वीररस

२०१९ च्या जानेवारीत 'उरी : द सर्जिकल स्ट्राइक' हा चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा मी नववीत होतो. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले माझे मामा कन्नड तालुक्यातील गावाहून आमच्याकडे आले होते. त्यांच्यासोबत मी तो चित्रपट पाहावयास गेलो. चित्रपटगृह तुडुंब भरले होते. पडद्यावरील मेजर आपल्या जवानांना 'जोश'विषयी विचारी आणि जवानांच्या आधी प्रेक्षकच उत्तर देत. मीही घसा बसेपर्यंत ओरडलो. मामा मात्र शांत होते. बाहेर आल्यावर मी विचारले, "मामा, तुम्हाला नाही का आवडला?" ते म्हणाले, "आवडला की. पण अरे, यात वाट बघणं कुठंच नाही. आमची निम्मी नोकरी वाट बघण्यात गेली. सुट्टीची, पत्राची, गाडीची."

पुढे बी. ए.च्या वर्गात रससिद्धान्त अभ्यासास आला, तेव्हा मामांचे हे बोलणे मला पुन्हा आठवले. युद्धपट आपल्याला इतके का आवडतात, आणि ते पाहताना आपल्या मनात नेमका कोणता भाव जागा होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

वीर आणि रौद्र

भरतमुनींनी सांगितलेल्या आठ रसांत वीर आणि रौद्र हे दोन रस स्वतंत्र मानले आहेत. वीराचा स्थायीभाव उत्साह, तर रौद्राचा क्रोध. युद्ध दोन्हींत असते, शस्त्रे दोन्हींत चालतात, म्हणून सामान्य प्रेक्षकाची येथे गल्लत होते. परंतु भरताने वीररसाची जी कारणे दिली आहेत, त्यांत पराक्रमाबरोबर असंमोह, अध्यवसाय, नय आणि विनय यांचाही समावेश आहे. असंमोह म्हणजे मनाचा गोंधळ न होणे, अध्यवसाय म्हणजे निश्चय. वीर पुरुष कितीही जोराने लढला, तरी त्याचे भान सुटत नाही, असा याचा अर्थ. 'साहित्यदर्पण'कार विश्वनाथाने तर या दोहोंना वेगळे करणारी खूणच सांगितली आहे. ती म्हणजे रागाने लाल झालेले तोंड आणि डोळे. ते दिसले की रौद्र समजावा, युद्धवीर नव्हे.

ही कसोटी हाती घेऊन आपण युद्धपटांकडे पाहिले, तर पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

पोवाड्यापासून पडद्यापर्यंत

मराठी माणसाला युद्धकथेची गोडी चित्रपटांनी लावली, असे म्हणता येणार नाही. ती गोडी शाहिरांनी आधीच लावून ठेवली होती. अज्ञानदासाचा अफजलखानवधाचा पोवाडा आणि तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा ही त्याची ठळक उदाहरणे होत. सिंहगडाची कथा आपण सर्वजण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घरात मुलाच्या लग्नाची तयारी चालू असते, तेवढ्यात बोलावणे येते, आणि तानाजी मालुसरे मांडव सोडून गडाकडे निघतात. १६७० साली फेब्रुवारीत गड हाती येतो, परंतु तानाजी परत येत नाहीत.

आता १९९७ चा 'बॉर्डर' आठवून पाहावा. कोणाचे नुकतेच लग्न झाले आहे, कोणाचे ठरले आहे, आणि सर्वांना घर सोडून वाळवंटातील ठाण्यावर जावे लागते. स्थळकाळ बदलला, भाषा बदलली, परंतु कथेचा सांगाडा तोच राहिला. अर्धवट राहिलेले लग्न हे या सांगाड्याचे मर्म आहे. शस्त्र चालविण्याचा अनुभव आपल्यापैकी फारच थोड्यांना असतो. मात्र लग्नाचा मांडव, आजारी आई, गाडी सुटताना फलाटावर उभे असलेले घरचे लोक हे सर्वांचेच असतात. भट्टनायकाने ज्याला साधारणीकरण म्हटले, ते येथे घडते. तो सैनिक पंजाबचा वा राजस्थानचा उरत नाही, तो आपल्याच घरातला होतो.

गंमत अशी की, आता उलटी देवघेवही होऊ लागली आहे. १६६३ मध्ये शिवाजीमहाराजांनी लाल महालात शायिस्तेखानावर घातलेल्या छाप्यावरील 'फत्तेशिकस्त' हा मराठी चित्रपट 'उरी'नंतर काही महिन्यांनी त्याच वर्षी आला. त्याची जाहिरात भारताचा पहिला 'सर्जिकल स्ट्राइक' अशी करण्यात आली. जुन्या पराक्रमाला नव्या चित्रपटाचा शब्द उसना घ्यावा लागला!

तीन चित्रपट

चेतन आनंद यांचा 'हकीकत' १९६४ चा. १९६२ च्या चीनयुद्धातील पराभवाची जखम तेव्हा ओली होती. लडाखच्या बर्फात वेढली गेलेली तुकडी, अपुरी सामग्री आणि माघार हा त्याचा विषय. यात विजय नाही, तरीही वीररस आहे. कारण हरण्याची खात्री असतानाही माणसे आपली जागा सोडीत नाहीत. मात्र त्याच्या पोटात करुणरस दाटलेला आहे. मामा म्हणतात ते वाट पाहणे याच चित्रपटात मला सापडले.

जे. पी. दत्ता यांच्या 'बॉर्डर'मध्ये १९७१ च्या ४ आणि ५ डिसेंबर दरम्यानच्या रात्रीची लोंगेवालाची लढाई आहे. येथे विजय आहे, परंतु चित्रपट जल्लोषावर संपत नाही. शेवटी प्रेते दिसतात, दोन्हीकडची घरे दिसतात, आणि समारोपाचे गीत शत्रूलाही भाऊ म्हणून हाक मारते. वीराचा शेवट येथे शांताकडे वळतो.

आदित्य धर यांच्या 'उरी'चा आधार म्हणजे १८ सप्टेंबर २०१६ चा उरी येथील हल्ला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भारतीय सैन्याने केलेली कारवाई. तंत्रदृष्ट्या हा चित्रपट निःसंशय सरस आहे. आखणी, सराव, अंधारातील हालचाल हे सर्व नेमके आहे, आणि तेथे भरताचा 'नय' भेटतो. परंतु नायकाचा मेहुणा उरीत मारला गेल्यावर कारवाईला सूडाचा रंग चढतो. प्रेक्षागृहातील घोषणा टिपेला पोहोचते ती याच टप्प्यावर. वीर आणि रौद्र यांची सीमा येथे पुसट होते, असे माझे मत आहे.

पडदा आणि वास्तव

लोंगेवालाच्या लढाईची एक गोष्ट मला फार विचार करावयास लावते. 'बॉर्डर'मध्ये ठाण्यावरील एकामागून एक जवान धारातीर्थी पडतात. सुनील शेट्टी यांनी साकारलेले भैरोसिंग तर रणगाड्यापुढे प्राण देतात. प्रत्यक्षात मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या सुमारे सव्वाशे जवानांच्या तुकडीने रणगाड्यांसह आलेल्या मोठ्या फौजेला रात्रभर थोपवून धरले, पहाटे हवाई दलाची हंटर विमाने आली, आणि भारताचे केवळ दोन जवान कामी आले. चांदपुरींना महावीरचक्र मिळाले. ते २०१८ पर्यंत हयात होते, आणि सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंग राठोड २०२२ पर्यंत.

याचा अर्थ, आपल्या माणसांना जिवंत राखून ठाणे टिकविणे हा खरा पराक्रम होता. चित्रपटाला मात्र तो पुरेसा वाटला नाही. आपणा प्रेक्षकांनाही तो पुरला नसता. हुतात्म्यासाठी आपण रडतो, पण जिवंत परतलेल्या सैनिकाला पुढची पंचवीस वर्षे कोणी विचारत नाही. हा दोष एकट्या दिग्दर्शकाचा कसा म्हणावा?

नाना पाटेकर यांनी दिग्दर्शित केलेला 'प्रहार' (१९९१) मला येथे मोलाचा वाटतो. कमांडो पीटर ओलिसांच्या सुटकेत पाय गमावतो, घरी येऊन वडिलांच्या बेकरीत काम करू लागतो, आणि खंडणी नाकारली म्हणून गल्लीतील गुंड त्याला ठार मारतात. शेजारी खिडक्या लावून घेतात. सीमेवरील शूराला आपण टाळ्या देतो, पण गल्लीत त्याच्या बाजूने उभे राहत नाही, हे त्या चित्रपटाचे म्हणणे आहे. त्या प्रेक्षकांत आपणही बसलेलो असतो.

आपला प्रश्न

आपल्या छत्रपती संभाजीनगरात जुनी लष्करी छावणी आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी मुलांची तयारी करून घेणारी राज्य शासनाची संस्था १९७७ पासून येथे आहे. पहाटे रस्त्यावर धावणारी, भरतीची तयारी करणारी मुले आपण रोज पाहतो, त्यांतील काही आपले वर्गमित्र आहेत. एकाला मी विचारले, "तुला सैन्यात का जायचंय?" तो म्हणाला, "आधी 'उरी' पाहून वाटलं. आता घरचं पाहून वाटतं." चित्रपटाने चेतविलेला उत्साह आणि घरची गरज, दोन्ही खरी आहेत. त्यांतील एकच पडद्यावर येते.

आणखी एक गोष्ट याच शहराचा रहिवासी म्हणून मला लिहावीशी वाटते. आपल्या चित्रपटगृहात एकाच रांगेत सर्व धर्मांची माणसे बसतात. पडद्यावरील शत्रूवर आलेला राग बाहेर पडताना शेजारच्या खुर्चीकडे वळला, तर तो उत्साह नव्हे. तेथे विश्वनाथाने सांगितलेले लाल डोळे दिसू लागतात. जो चित्रपट आपल्याला सैनिकाच्या जवळ नेतो तो वीररसाचा, आणि जो शेजाऱ्यापासून दूर नेतो तो रौद्राचा, अशी साधी कसोटी आपण लावावयास हरकत नाही.

युद्धपट मी यापुढेही पाहणार, आणि ओरडणारही. परंतु गेल्या दिवाळीत मामांकडे गेलो, तेव्हा प्रथमच त्यांना विचारले, "मामा, वाट बघताना तुम्ही काय करत होता?" ते दोन तास बोलत होते. इतकी वर्षे मी त्यांना काहीच कसे विचारले नव्हते, याची मला लाज वाटली.